काळ्या मातीवरच्या घरात फरशी खचली तर काय करावं

खानदेशात जुनी गावं पांढरीवर वसली आणि काळी शेतीला राहिली. गावठाणाची पांढरी माती पावसात काळीसारखी फुगत नाही आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडत नाहीत. त्यामुळे तिथले वाडे पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले. पुढे जळगाव, भुसावळ, धुळे, चाळीसगाव, शिरपूर, शहादा अशा गावांभोवती कापसाच्या शेतांचे प्लॉट पडले आणि घरं काळीवर आली. आज या कॉलन्यांमध्ये दहा-पंधरा वर्षं जुन्या घरात गेलात, तर एखादी तरी खोली अशी सापडते की कपाटाखाली पुठ्ठा घातलाय, स्कर्टिंगखाली बोट जाईल एवढी फट आहे आणि चालताना फरशी डबडब वाजते.

ज्यांनी कधी हातात थापी धरलेली नाही, पण ज्यांच्या घरात हे झालंय आणि मिस्तरी सांगेल त्याला मान डोलवण्याऐवजी ज्यांना काम समजून घ्यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. यातलं बरंचसं काम गवंडीच करेल. पण काय करायचं आणि काय करू द्यायचं नाही, हे घरमालकाला माहीत असायलाच हवं. कारण खचलेली फरशी उचलून वाळू टाकून पुन्हा बसवली, की दोन पावसाळ्यांत ती परत खचते. खराबी फरशीत नसतेच. ती खालच्या भरावात आणि त्या भरावात मुरणाऱ्या पाण्यात असते. पाण्याची वाट सापडल्याशिवाय एकही टाइल उचलू नका.

फरशीखाली काय असतं

साध्या घराच्या भिंती पायावर उभ्या असतात आणि पाया जमिनीत चार-पाच फूट किंवा त्याहून खोल गेलेला असतो. फरशीला असा पाया नसतो. चारी बाजूंनी जोतं बांधून झालं की मधल्या पोकळीत भराव टाकतात, त्यावर दगडांचं सोलिंग, त्यावर पीसीसी म्हणजे साधं काँक्रीट आणि मग मसाल्यावर फरशी. म्हणजे फरशीचा सगळा भार त्या भरावावर. पाया खणताना निघालेली काळी माती फुकटात मिळते, म्हणून तीच जोत्यात ढकलली, धुम्मस न करता, म्हणजे जड ठोकणीने ठोकून घट्ट न करता, वर पीसीसी टाकलं, तर फरशी खचणार हे त्याच दिवशी ठरलेलं असतं.

आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, झिजून ही काळी माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. खोल काळीत ऋतूंप्रमाणे होणारी ही हालचाल साधारण साडेतीन मीटरपर्यंत पोहोचते. म्हणून काळीवर नवीन घर बांधणाऱ्यांनी रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने पुढे आणलेल्या, तळाशी फुगवटा असलेल्या अंडर-रीम्ड पाइल पायाबद्दल इंजिनिअरला जरूर विचारावं. उभ्या घराला मात्र तो मार्ग नाही. तिथे भराव आणि पाणी या दोनच गोष्टी आपल्या हातात आहेत.

फरशी खचली की भिंत, ते आधी पाहा

फक्त फरशी खाली गेली असेल तर स्कर्टिंग भिंतीला तसंच चिकटलेलं राहतं आणि खाली फट पडते. भिंती सरळ असतात, दारं नीट लागतात. हे काम घरगुती पातळीवर होण्यासारखं आहे.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली असेल, ती विटांच्या दर्जांमधून, म्हणजे सांध्यांमधून, पायऱ्यापायऱ्यांनी चढत असेल, चौकट तिरकी होऊन दार घासत असेल, तर पायाच हलतोय. अशा वेळी हे वाचून कामाला लागू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. भेग जिवंत आहे की जुनी, हे कळायला तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा हाताएवढा पट्टा मारा आणि त्यावर तारीख लिहा. काही महिन्यांत पट्टा तडकला तर भेग वाढतेय. पाच मिलिमीटरपेक्षा रुंद भेग, बाहेर झुकलेली भिंत, वाकलेला स्लॅब किंवा कॉलमच्या पायथ्याशी तडा दिसला, तर पट्टा तडकायची वाटही पाहू नका.

मग फरशीचं माप घ्या. त्यासाठी गवंड्याकडचा लेव्हल पाईप पुरतो. पारदर्शक नळीत पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. दोघांनी दोन टोकं धरायची, खोलीच्या चारी भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा करायच्या. समोरासमोरच्या खुणांमध्ये दोरी ताणली की दोरीपासून फरशीपर्यंतचं अंतर दर दोन फुटांवर टेपने मोजा आणि वहीत खोलीचा नकाशा काढून त्यावर आकडे लिहा. पुढच्या प्रत्येक निर्णयासाठी हे पान लागणार आहे. त्याच वेळी लाकडी काठीने एकेक टाइल ठोकून पाहा. भरीव आवाज, पोकळ आवाज अशी खूण नकाशावरच करा.

या मापात एक गोष्ट अनेकांना चकवते. कडेची फरशी खाली गेलीय असं वाटतं, पण प्रत्यक्षात मधली वर आलेली असते. घर बांधल्यावर जोत्याखालच्या मातीला ऊन लागत नाही, तिची ओल उडून जात नाही, त्यामुळे खोलीचा मध्य वर्षानुवर्षं हळूहळू फुगतो. बाहेरच्या भिंतीलगतची माती मात्र दर उन्हाळ्यात आक्रसते. अशा ठिकाणी कडेला भराव वाढवला तर पावसाळ्यात ती कडही वर उचलली जाते. म्हणून जोत्याची किंवा दाराच्या उंबऱ्याची पातळी मूळ धरा आणि तिच्याशी तुलना करून ठरवा, खड्डा पडलाय की टेंगूळ आलंय. शक्य असेल तर हेच माप एकदा भाद्रपदात आणि एकदा वैशाखात घ्या. दोन्हींत मोठा फरक आला तर खाली काळी जिवंत आहे, नुसता भराव बसलेला नाही.

पाणी कुठून येतंय

या शोधाला आठवडा लागला तरी चालेल, घाई करू नका.

पहिला संशय मोरीवर घ्या. खचलेली जागा न्हाणीघर, संडास किंवा स्वयंपाकघराच्या मोरीला लागून असेल तर तो बहुतेक वेळा खरा ठरतो. मोरीचं भोक कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करा, चार बोटं पाणी साठवा, कडेला पेन्सिलने खूण करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी उतरलेलं असेल तर मोरीच्या फरशीतून किंवा कोपऱ्यातून झिरपतंय. पाणी तसंच असेल तर बोळा काढा, पाण्यात कपड्यांची नीळ घालून सोडा आणि बाहेरच्या चेंबरवर कोणाला तरी उभं करा. निळं पाणी उशिरा आलं, कमी आलं किंवा आलंच नाही, तर मधल्या पाइपाचा जोड सुटलाय.

येणाऱ्या नळाची लाइन तपासायची तर रात्री सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी खूण करा. आपल्याकडे बऱ्याच गावांत नळ काही दिवसांआड येतो, म्हणून घराघरांत जमिनीखाली टाकी असते. ती बहुधा ओट्याखाली किंवा भिंतीला चिकटून बांधलेली असते आणि तिची गळती वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. तिलाही तीच खुणेची परीक्षा लावा.

कूलरकडे तर मुद्दाम बघा. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत खिडकीबाहेर कूलर चालतो, त्याचं पाणी ठिबकत राहतं आणि थेट जोत्याच्या कडेला जातं. नेमकं त्याच दिवसांत काळी भेगाळलेली असते. भेगेतून ते पाणी सरळ घराखाली उतरतं. आजूबाजूची माती आक्रसलेली आणि कूलरखालची फुगलेली, अशा ओढाताणीत एका खोलीची एक कड खाली-वर होते. कूलरला तळाशी ट्रे आणि ट्रेपासून लांब नेणारी नळी, एवढ्या स्वस्त इलाजाने पुढचा खर्च वाचू शकतो.

बाकीचं पटकन पाहून घ्या. पत्र्याची पन्हाळ जोत्याशी सुटते का? सांडपाण्याचा शोषखड्डा भिंतीला चिकटून आहे का? घराच्या उंचीएवढं मोठं कडुनिंब, पिंपळ किंवा निलगिरी भिंतीपासून हातभर अंतरावर आहे का? झाड उलटं काम करतं. मुळं ओल ओढून घेतात आणि काळी तेवढ्यापुरती आक्रसते. मोठं झाड एकदम तोडलं तर वाळलेली माती पुन्हा पाणी पिऊन फुगते, म्हणून आधी फांद्या छाटाव्यात आणि मग जाणकाराला विचारून ठरवावं.

पाण्याव्यतिरिक्त दोन चोर आहेत. घूस चेंबरच्या कडेने आत शिरते आणि सोलिंगखालचा भराव पोकळ करते. ताज्या मातीचा ढीग बाहेर दिसला की बीळ चालू आहे असं समजा. दुसरी वाळवी. ती भराव खात नाही, पण तिच्या मातीच्या नळ्या भिंतीवर किंवा चौकटीवर दिसल्या तर फरशी उघडी असतानाच तिचा बंदोबस्त करून घेण्यासारखी दुसरी वेळ नाही.

काम कोणत्या दिवसांत काढावं

दिवाळीनंतर माघापर्यंत. चैत्र-वैशाखात काळी पूर्ण आक्रसलेली असते. तेव्हा पातळीत बसवलेली फरशी पावसाळ्यात वर येते. श्रावण-भाद्रपदात माती फुगलेली असते, तेव्हा बसवलेली उन्हाळ्यात खाली जाते. कार्तिकानंतर ओल मधल्या टप्प्यावर असते. शिवाय ४४-४५ अंशांच्या उन्हात काँक्रीट ओलं ठेवणं हीच एक लढाई होते. गळती मात्र ज्या दिवशी सापडली त्याच दिवशी बंद करा, त्याला मुहूर्त लागत नाही. गळती थांबल्यावर महिना-दोन महिने माती स्थिरावू द्या आणि मगच फरशी उघडा.

गवंड्याशी बोलताना एक अट स्पष्ट ठेवा. फरशी बसवणं उक्तं द्यायला हरकत नाही, पण भराव आणि धुम्मस रोजंदारीवर घ्या. उक्त्या कामात माणूस लवकर संपवायला बघतो आणि धुम्मस कमी मारली की वरून काहीच दिसत नाही.

फरशी उचलणं आणि खणणं

खोली रिकामी करा. धान्याच्या कोठ्या, फ्रीज, कपाट सगळं बाहेर. फरशीखालून वायरिंगचा पाईप किंवा पाण्याची लाइन गेलीय का, ते जुन्या मिस्तरीला विचारून घ्या आणि त्या खोलीची वीज बंद ठेवा. ग्राइंडर वापरणाऱ्याने चष्मा आणि मास्क लावायचा, दर्जांवर पाणी मारत कापायचं. घरात म्हातारं माणूस किंवा दम्याचा त्रास असलेलं कोणी असेल तर ते चार दिवस नातेवाइकांकडे पाठवलेलं बरं.

शहाबादी किंवा कोटा असेल तर प्रत्येक फरशीच्या मागे गेरूने नंबर टाका. नीट काढली तर बरीचशी परत वापरता येते. सिरॅमिक टाइल फुटतेच, तिची आशा धरू नका. काठीच्या परीक्षेत जिथे पोकळ आवाज संपला त्याच्या पुढची एक पूर्ण ओळ भरीव जागेतलीही काढा, म्हणजे नवा आणि जुना भाग घट्ट जमिनीवर जुळेल. निम्म्याहून जास्त खोली पोकळ वाजत असेल तर अख्खी खोली काढणंच शहाणपणाचं.

पीसीसी फोडून भराव उघडा झाला की बारा मिलिमीटरची सळई हाताने दाबून पाहा. वीतभर सहज घुसत असेल तर तिथला भराव सैल आहे, खणा. पुन्हा सळई लावा. काळी माती लागली तर कमीत कमी दीड-दोन फूट काढून टाकायची तयारी ठेवा. ती माती अंगणात ठेवू नका, कामगार दुसऱ्या दिवशी तीच परत भरतात.

खणताना सगळ्यात मोठा धोका भिंतीचा आहे. पायाच्या तळाखाली कधीही जायचं नाही. भिंतीलगत एका वेळी तीन-चार फुटांचाच तुकडा उघडायचा, भरून धुम्मस करायचा आणि मग पुढचा. चारी बाजू एकदम खणून रात्रभर उघड्या ठेवल्या तर पाया आतल्या बाजूने मोकळा पडतो. विटेच्या जुन्या भिंतीला हे सहन होत नाही.

घुशीचं बीळ लागलं तर ते शेवटपर्यंत खणून काढा. तोंडाशी सिमेंट लावून सोडलं तर घूस बाजूने नवं तोंड काढते. बिळात खडी आणि बारीक काँक्रीट ठासून भरा, आणि चेंबरच्या झाकणाची व पाइपाभोवतीची फट बुजवा.

पाइप बदलायचा असेल तर तो आत्ताच. चार इंची सांडपाण्याच्या पाइपाला दर दहा फुटांमागे दोन ते तीन इंच ढाळ द्या, खाली-वर वाळूची गादी द्या आणि बुजवण्याआधी टोक बंद करून, पाणी भरून तासभर ठेवा. जोडावर घाम आला तरी तो जोड पुन्हा करून घ्यायचा.

मुरूम, आणि फक्त मुरूम

नवीन भरावासाठी डोंगरकडचा घट्ट लाल-पिवळा मुरूम आणा. ट्रॉली येताच खाली ओतू देऊ नका, आधी ओंजळभर हातात घ्या. पाणी घालून त्याचा पेढा करा आणि उन्हात वाळवा. वाळल्यावर भेगा पडल्या तर त्यात काळी मिसळलेली आहे. दुसरी परीक्षा दोन सारख्या काचेच्या ग्लासांची. बारीक चाळलेली माती दोन्हींत सारखी टाका, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल भरा, ढवळा, एक दिवस ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्याच्या ग्लासातला थर दीडपट दिसला तर ती ट्रॉली परत पाठवा. हीच परीक्षा मातीच्या प्रयोगशाळेत भारतीय मानकाप्रमाणे मोजमापाच्या नळीत करतात.

मुरमात थोडा चिकटपणा असावा, नुसती रेती नसावी. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा दाबलेला थर घालण्याची पद्धत मांडली आणि ती कालव्यांच्या अस्तरीकरणात वापरली गेली. असा थर खालच्या काळीचा फुगवटा रोखतो. तिथे थर मीटरभर जाड असतो. घराच्या जोत्यात तेवढी जागा मिळेलच असं नाही, पण जितका जाड थर बसेल तितका चांगला.

किती लागेल? १० बाय १२ फुटांची खोली दीड फूट भरायची तर १८० घनफूट जागा होते. धुम्मस केल्यावर मुरूम दबतो, म्हणून सुटा मुरूम साधारण २३५ घनफूट, म्हणजे २.३ ब्रासच्या आसपास मागवा. ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची स्वतः टेपने मोजा. ट्रॉलीवाल्याच्या एका ब्रासमध्ये आणि टेपच्या एका ब्रासमध्ये फरक निघतो.

आता भरायचं कसं. एका वेळी सहा इंच सुटा थर, त्याहून जास्त नाही. मोठे धोंडे वेचून काढा. झारीने पाणी शिंपडा. हातात मूठ वळली की गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये. तोच गोळा कमरेएवढ्या उंचीवरून टाकला की दोन-चार तुकडे व्हावेत. चिखल झाला तर पाणी जास्त, भुकटी झाली तर कमी. मग धुम्मस. सहा इंचांचा थर चार-साडेचार इंचांवर येईपर्यंत आणि पायाची टाच उमटेनाशी होईपर्यंत ठोकायचं. भाड्याने प्लेट कॉम्पॅक्टर मिळाला तर तो मध्यभागासाठी उत्तम, पण भिंतीच्या कडा आणि कोपरे हाताच्या धुम्मसनेच होतात. खचण्याची सुरुवातही बहुतेक वेळा याच कोपऱ्यांतून होते. प्रत्येक थराला सळई लावून बघा, मगच पुढचा थर.

इथे मिस्तरी एक गोष्ट नक्की सुचवेल: भाऊ, धुम्मस कशाला, दोन दिवस पाइप सोडून ठेवा, पाण्याने आपोआप बसतं. वाळूच्या भरावाला ते काही प्रमाणात चालतं. काळीवर ते विष आहे. दोन दिवसांचं पाणी मुरमातून सरळ खालच्या काळीत जातं, काळी फुगते, त्या फुगलेल्या मातीवर तुम्ही फरशी बसवता आणि पुढच्या उन्हाळ्यात ती आक्रसली की खाली पोकळी तयार. नम्रपणे पण ठाम नकार द्या. हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी काम निम्मं सुधारेल.

सोलिंग, काँक्रीट, फरशी

मुरमावर सहा इंच डबराचं सोलिंग. दगड हाताने उभे लावायचे आणि फटी कच व मुरमाने ठासायच्या. ट्रॉलीतून ओतून पसरलेलं डबर म्हणजे सोलिंग नव्हे. वाळवीचा त्रास असेल तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून याच टप्प्यावर फवारणी करून घ्या, स्वतः औषध हाताळू नका. मग सोलिंगवर कचीचा पातळ थर देऊन टोचणारे कोपरे झाका आणि त्यावर जाड, २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद पसरा. जोडावर वीतभर एकमेकांवर आला पाहिजे. खालची ओल वर येत नाही आणि काँक्रीटचं पाणी खाली जात नाही.

त्यावर चार इंच काँक्रीट, एक सिमेंट, तीन वाळू, सहा खडी या प्रमाणात. १० बाय १२ च्या खोलीला साधारण पाच गोण्या सिमेंट लागेल. एका गोणीला ३० ते ३४ लिटर पाणी पुरतं, त्यात ओल्या वाळूतलं पाणीही धरायचं. पसरायला सोपं जावं म्हणून कामगार बादली ओततात, तिथे थांबवा. खाली काळी जिवंत असल्याचं माप सांगत असेल तर आठ मिलिमीटर सळईची आठ इंची जाळी काँक्रीटच्या मध्यावर बसवा, खाली दगडाचे तुकडे ठेवून. प्लास्टिकवर चिकटून पडलेली जाळी काहीच कामाची नाही.

काँक्रीट भिंतीला चिकटू देऊ नका. भिंतीलगत चारी बाजूंना अर्धा इंच जाडीची थर्मोकोलची पट्टी उभी करा. खालची जमीन थोडी हलली तरी फरशी एकसंध वर-खाली होईल, भिंतीला ओढणार नाही आणि मधोमध फुटणार नाही. स्कर्टिंग भिंतीलाच बसवा, फरशीला टेकवून वरून मसाला भरू नका.

सात दिवस ओली बारदानं टाकून ठेवा, दिवसातून तीनदा तरी भिजवा. मग एकास सहाच्या मसाल्यावर फरशी. शहाबादी आणि सिरॅमिक दोन्ही आधी पाण्यात बुडवून घ्यायच्या, व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही म्हणून तिला चिकट मसाला लागतो. टाइलमध्ये दोन-तीन मिलिमीटर दर्ज ठेवा, एकमेकींना भिडवून बसवलेल्या टाइल उन्हाळ्यात उचकटतात. दुसऱ्या दिवशी दर्ज भरा, आठवडाभर कपाट आत आणू नका.

एकदोन टाइलच पोकळ वाजतात, बाकी पातळी ठीक आहे, गळती सापडून बंद झालीय, अशा वेळी एवढं सगळं करायची गरज नसते. तेवढ्या टाइल काढून खालचा सैल भाग खरवडायचा, मुरूम ठासून काँक्रीट टाकायचं आणि नवीन टाइल बसवायची.

घराबाहेर तीन फूट

आतलं काम झालं की पैसे संपतात आणि बाहेरचं राहून जातं, म्हणून हे बजेटमध्ये आधीच धरा. घराभोवती तीन फूट रुंद काँक्रीटचा किंवा शहाबादीचा पट्टा घाला. त्याखालीही आधी मुरूम ठासा. तीन फुटांत दीड इंच ढाळ बाहेरच्या बाजूला. जोतं आणि पट्टा यांच्यातल्या फटीत डांबर भरा, नाहीतर पाणी नेमकं तिथूनच उतरतं. पट्ट्याच्या कडेने नाली काढून पाणी रस्त्याच्या गटारीपर्यंत न्या. पन्हाळीला उभा पाईप लावून त्याचं तोंड नालीत सोडा. शोषखड्डा घरापासून पंधरा फूट तरी लांब असावा. भिंतीलगत फुलझाडांचे वाफे करून रोज पाणी घालायचा मोह होतो. कुंड्या ठेवा, वाफे लांब घ्या.

गावठाणातल्या माडीबद्दल

वरच्या मजल्याची लाकडी जमीन वाकली असेल तर प्रकरण वेगळं आहे. सागाच्या तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर, अशी ती रचना असते. दहा फुटांच्या कडीला मध्यभागी एक सेंटिमीटर वाक असणं घाबरण्यासारखं नाही. भिंतीत शिरलेलं टोक स्क्रू ड्रायव्हरने टोचा. टोक मऊ लागलं, भुसा पडला, तर ती कडी गेली. गंभीर चूक घडते ती मातीच्या जमिनीवर थेट काँक्रीट करून टाइल बसवण्याची. लाकूड सागाचं असलं तरी तो भार त्याच्यासाठी नव्हता.

खाली टेकू लावायचा असेल तर वर-खाली जाड फळी देऊन लावा, आणि वाकलेली कडी एका दिवसात सरळ करायचा प्रयत्न करू नका. स्क्रू जॅकने रोज दोन-तीन मिलिमीटर उचला, भिंतीच्या प्लास्टरवर नजर ठेवा. कडीच्या बाजूला लोखंडी चॅनल बोल्टने कसणं हा बऱ्याचदा सगळ्यात कमी तोडफोडीचा उपाय ठरतो. हे काम जुन्या वाड्यांवर हात बसलेल्या सुतारालाच द्या.

काम झाल्यावर

पहिल्याच दिवशी लेव्हल पाइपाने पुन्हा माप घ्या आणि जुन्या नकाशाच्या शेजारी नवे आकडे लिहा. भिंतीवरच्या खुणा पुसू नका, दाराआड एक तरी राहू द्या. येणाऱ्या भाद्रपदात आणि त्यानंतरच्या वैशाखात त्याच जागी मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक काळीवर चालायचाच. एकाच कोपऱ्यात त्याहून जास्त फरक दिसला तर फरशी उकरू नका. त्या कोपऱ्याच्या बाहेर जा, पन्हाळ, नाली, चेंबर, कूलरची नळी आणि डांबराची फट एकेक करून तपासा, आणि मोरीची निळीची परीक्षा पुन्हा करा.